बिमार न पडणारी भिंत

"अन् बिमार पडलं त मंग?"

बांधकामातली कोणतीही नवी वस्तू दाखवली की काकाजी एवढंच विचारायचे. मी एकदा त्यांना चकचकीत फरशीचा तुकडा दाखवला. म्हटलं, "काकाजी, याच्यावर डाग पडत नाही, चराही पडत नाही."

त्यांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "अन् बिमार पडली त मंग?"

"फरशी कशी बिमार पडेल?"

"घरात राह्यते ना ते? मंग होनारच. मी होतो बिमार, बकरी होते. हे कोन मोठी लागून गेली?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा म्हातारा असेल, ज्याला नवं काहीच पटत नाही. आपण त्याच्याशी हुज्जत घालतो, हसतो आणि चहा पिऊन निघतो. मीही इतकी वर्षं तेच केलं. मी लहानसा ठेकेदार आहे. तुमसर आणि सिहोऱ्याच्या बाजूला घरं बांधतो. माझ्या घरांतून माणसं सुखानं राहतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात घराचा काही दोष नाही.

त्यांची माझी ओळख आंबागडची. तिथं अंगणवाडीच्या खोल्या बांधायचं काम मला मिळालं होतं. हलके ब्लॉक पहिल्यांदाच त्या गावात आले होते. पांढुरके, खारी बिस्किटासारखे दिसणारे. एक म्हातारा रोज सकाळी यायचा, समोरच्या मोहाखाली बसायचा आणि आमच्या कामावर मोठ्यानं टीका करायचा. आयुष्यभर त्यांनी धानाच्या शेतात मजुरी केली होती आणि उरलेल्या दिवसांत गावातल्या मातीच्या भिंती घातल्या होत्या. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यामुळे त्यांना हटकायची कोणाची छाती नव्हती.

एक दिवस ते उठले, एक ब्लॉक खांद्यावर टाकला आणि चालू पडले. मला वाटलं, चूल मांडायला नेत असतील. थोड्या वेळानं बोडीकडून, म्हणजे गावतळ्याकडून, बायकांच्या हसण्याचा गलका आला. जाऊन पाहतो तर बोडीच्या मधोमध आमचा ब्लॉक तरंगतोय आणि हे काठावर उभे राहून कपडे धुणाऱ्या बायांना सांगताहेत, "पाहा वो, पाहा! ठेकेदाराची भिंत पोहून राहिली!"

"काकाजी, त्यात हवा असते," मी समजावू लागलो. "म्हणून हलका. म्हणून घर तापत नाही."

"हवा भरून विकता? चिप्सच्या पुड्यावानी?"

त्यावर मलाही हसू आवरलं नाही. ते स्वतः गुडघाभर पाण्यात उतरले, ब्लॉक ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. तो आता चांगलाच जड लागत होता. "पेली पाहा पानी तुमची पोट्टी," ते म्हणाले, "आता तिले सर्दी झाली त औशद सांगा."

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मुळीच नाही. सिमेंटच्या घरात राहिलं की गुडघे धरतात, असं ते छातीठोकपणे सांगत. स्वतःचे गुडघे मातीच्या घरातच धरले होते, त्याचं काय, असं विचारलं की ऐकू न आल्यासारखं करत. स्लॅबवर वीज मुद्दाम पडते, यावर त्यांचा विश्वास होता. राखेच्या विटांचं तर त्यांना फारच हसू येई. "राखेचं घर? राख त आपन शेवटी होतोच बाप्पा. इतकी घाई कायले?"

अंगणवाडी पुरी झाली, पण माझं आंबागडला जाणं सुटलं नाही. त्या बाजूला काम असलं की मी त्यांच्या छपरीत टेकायचो. छपरी म्हणजे घरापुढची पडवी. दोन खोल्या, छपरी आणि वर कवेलूचं छप्पर, एवढंच घर. ते त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं मिळून बांधलं होतं. तिनं पायांनी चिखल तुडवायचा, त्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, मिसळायची आणि यांनी थर चढवायचे. "तिचा पाय हलका होता," ते म्हणायचे, "म्हनून भिंत मऊ हाय." ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. आत तथागतांचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो होते, आणि त्यांच्या खाली तिचा.

पावसाळ्यात छपरीच्या कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली कालवलेल्या मातीचा गोळा सदा तयार असायचा. त्याला ते "दवाई" म्हणत. रात्री पाऊस झाला की सकाळी गोळा घेऊन घराभोवती फेरी मारायची. कुठं भेग पडली, कुठं घुशीनं उकरलं, कुठं भिंतीचं पोट सुटलं. तिथं थोडी माती लावायची, ओल्या बोटांनी गुळगुळीत करायची आणि पुढं जायचं. त्यांची एकुलती एक लेक, वंदनाताई, तुमसरला सरकारी दवाखान्यात नर्स. ते ऐटीत सांगायचे, "आमच्या घरात दोन नर्स. ते मानसं पाह्यते, मी भिंती पाह्यतो. फरक एकच, मले पेन्शन नाई."

मग एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. दिवसाची वेळ होती आणि ते छपरीत होते, म्हणून वाचले. वंदनाताईनं तोवर तुमसरला प्लॉट घेतला होता आणि घराचं काम मलाच दिलं होतं. हलके ब्लॉक, वर स्लॅब, पोत्यात येणारं तयार प्लॅस्टर. भिंत पडल्याचं कळलं तेव्हा घर जवळजवळ पुरं झालं होतं. ताईचा मला फोन आला.

"भाऊ, बाबा माझं आयकत नाहीत. तुमच्याशी भांडतात, म्हणजे तुमचं आयकतात. तुम्ही बोला ना."

मी गेलो. ते पडलेल्या भिंतीची ढेकळं एका बाजूला रचत होते. "जयभीम, ठेकेदार. बसा. दिवाळीपर्यंत उभी करतो, पाहाल."

मी पुष्कळ समजावलं. वयाचं सांगितलं, लेकीच्या जिवाला लागलेल्या घोराचं सांगितलं. ते हो हो म्हणत ढेकळं रचत राहिले. शेवटी मला राग आला. खरं तर राग नव्हता तो, घाई होती. मी म्हणालो, "काकाजी, तुमची भिंत पडली. माझी आजवर एकही पडली नाही."

त्यांच्या हातात ढेकूळ होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. माझ्याशी न भांडण्याची त्यांची ती पहिली वेळ. वास्तविक मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला फारसं काही दिसत नाही.

पुढच्या महिन्यात ते तुमसरला आले. कपड्यांची पिशवी, तीन फोटो आणि बोडीच्या काठच्या मातीचं एक पोतं. ताईला वाटलं, तिच्या गुलाबाच्या कुंड्यांसाठी आणलं. तिला फार बरं वाटलं.

नव्या घरात पहिल्याच पावसानंतर ते सकाळी उठून घराला फेरी मारून आले. मागच्या बाजूला गेले, टाकीखाली वाकून पाहिलं, खिडक्यांचे कोपरे पाहिले. शेजाऱ्यांना वाटलं, बापानं लेकीच्या घराची तपासणी चालवली आहे. आत येऊन म्हणाले, "बाई, कुठीच काही नाई झालं वो."

ताई हसली. "अहो बाबा, म्हणूनच तर बांधलं ना!"

मी भेटायला गेलो तर मला बाहेर घेऊन गेले. सगळं घर बाहेरून फिरून मलाच दाखवलं, जसं काही मी ते पहिल्यांदा पाहतोय. मग हळूच म्हणाले, "चांगलं केलं बाप्पा. लई चांगलं केलं. पन एखादं काम ठेवाचं होतं."

"कसलं काम, काकाजी?"

"काहीबी. कुठी थोडं."

मी तो विनोद समजलो. घरी येऊन बायकोलाही सांगितला. ती मात्र हसली नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा ताईचा पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा होता. "भाऊ, वर्ष नाही झालं अन् मागचं प्लॅस्टर निघून राहिलं. येऊन पाहून जा."

मी धावत गेलो. त्या वेळी तिच्या शेजारचे गुरुजीही तिथं उभे होते. ते आपल्या घराचं काम मला देणार होते. मागच्या भिंतीवर, टाकीच्या पलीकडे, जेवणाच्या ताटाएवढी जागा प्लॅस्टरपासून मोकळी झाली होती. पण ती उघडी नव्हती. तिच्यात माती भरलेली होती, तणशीचे तुकडे घातलेली, दाबून बसवलेली, वरून ओल्या हातानं सारखी केलेली. चार बोटांच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. मला बघताक्षणी कळलं. आणि मागं वळलो तर ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मनगटाला चिकटलेली तणशीची काडी काढत होते.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला वाटतं, बहुतेक जण म्हणाले असते, "प्लॅस्टरच कच्चं राहिलं असेल, ताई. पाहून घेतो." त्यानं माझं काय गेलं असतं?

मी म्हणालो, "ताई, हे निघालं नाही. हे कोणीतरी खुरप्यानं उकरलंय." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गुरुजी ऐकत होते. म्हणून वर हसत म्हणालो, "आता काकाजीच आमच्या कामाची परीक्षा घेऊन राहिले, तर ठेकेदारानं जावं कुठं?"

गुरुजी हसले. ताईचा चेहरा लाल झाला. "बाबा! लहान लेकरू आहे का तुम्ही? इतकं चांगलं घर, अन् तुम्ही..."

"उकरली नाई वो, बाई," ते म्हणाले. मग काडी खाली टाकून, "म्हंजे उकरली. पाहून राहिलो होतो."

"काय पाहत होते?" मीच विचारलं.

"मले येते का नाई आता, ते."

मी बाहेर थांबलेल्या माझ्या मिस्त्रीला हाक मारली. त्यानं माती खरवडून काढली, पार आतपर्यंत. नवा माल भरला. मी त्याला वॉटरप्रूफिंगचे दोन हात जास्त मारायला लावले आणि संबंध भिंतीला रंग दिला, म्हणजे जोड दिसायला नको. ते सगळं होईपर्यंत काकाजी खुर्ची ओढून समोर बसले होते, अंगणवाडीपुढं बसायचे तसेच, पण गप्प.

"आता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आता काही होत नाही, काकाजी. जन्मभर पाहायला नको."

"कोनाच्या जन्मभर?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यानंतर त्यांनी सकाळची फेरी सोडली. ताई मला म्हणाली, "सुधरले बाबा. आता शांत बसतात." मातीचं पोतं तिनं खरंच गुलाबाला घातलं. मी मधूनमधून जायचो. मी मुद्दाम नव्या वस्तूंचं बोलणं काढायचो, प्लॅस्टिकच्या दाराचं, चिकटवायच्या भिंतीच्या कागदाचं, केवळ त्यांनी ते त्यांचं वाक्य म्हणावं म्हणून. ते ऐकून घ्यायचे. "चांगलं हाय," म्हणायचे. मला ते "चांगलं हाय" ऐकवेना. मी जाणं कमी केलं. कामं फार आहेत, असं ताईला सांगायचो. कामं होतीही. गुरुजींचं घर चालू होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी ते झोपेतच गेले. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन होतं आणि त्यांची खोली गार होती. ब्लॉकच्या भिंती तापत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं होतं तसंच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे पांगले. मीही निघालो होतो, तेवढ्यात वंदनाताईनं मला मागच्या अंगणात बोलावलं. तिचे डोळे कोरडे होते, थकलेले.

"भाऊ, ती जागा कोणती होती?"

मला कळलं, पण मी विचारलं, "कोणती?"

"बाबांनी माती लावली होती ती. त्यांच्या बोटांचे निशाण होते ना तिथं. मी त्या दिवशी पाहिले होते, पण रागात होते, नीट पाहिले नाहीत." ती भिंतीजवळ गेली. "रंगाच्या आत असतील का हो अजून?"

नसणार, हे मला ठाऊक होतं. मीच ते आतपर्यंत खरवडून घेतले होते. तरी निदान जागा दाखवावी म्हणून मी पुढं झालो. टाकीपासून अंदाज घेतला. वाकून पाहिलं, बाजूनं पाहिलं, उन्हाची तिरीप भिंतीवर सरपटत पडते तिथून पाहिलं.

"इथं होती का?" तिनं विचारलं.

"इथंच असेल."

"की इकडं?"

मी पुन्हा टाकीपासून सुरुवात केली. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी होती. जोड नाही, फुगवटा नाही, रंगात फरक नाही. ताई माझ्याकडे बघत वाट पाहत उभी होती. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं सफाईचं काम माझ्या हातून झालं नव्हतं.