व्याह्यांची बोलकी बरणी

आमच्या व्याह्यांइतका द्राक्षाच्या वेलीला मान देणारा माणूस उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला नाही, हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. त्यापुढची हकीकत मात्र वर्षानुवर्षं टाळली. आता ज्याच्यापाशी कबूल करायचं, तो माणूसच उरला नाही.

मुलगी भद्रावतीला दिली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. व्याह्यांनी पेढ्यांकडे पाहिलंही नाही. "इवाई, कुरखेड्याहून आले न? मंग धानाचं तूस काऊन नाई आणलं?" व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. तेव्हापासून मी एसटीनं तुसाचं पोतं नेऊ लागलो. ते वेलीच्या बुडाशी पसरलं की उन्हाळ्यात ओल टिकते. वेलीला पाणी आंघोळीचं, त्यापायी घरात साबणबंदी. माझी मुलगी तिथं बेसन लावून आंघोळ करायला शिकली. वेलीवर सावलीला विहीणबाईंची लुगडी. वरचे घोस पाखरांचे. द्राक्षांची ते घरीच वाइन करत; ती गाळून उरलेला चोथा पुन्हा वेलीच्याच मुळाशी. "तिचं तिले वापस," म्हणायचे.

फवारणीचा विषय निघाला की माझ्याकडे बघून हसायचे, कारण मी जन्मभर फवारणीच्या औषधांचंच दुकान चालवलं. ते तर द्राक्षं धूतसुद्धा नसत. सालीवर असतं तेच विरजण, असं त्यांचं म्हणणं. ठेचलेली द्राक्षं बरणीत भरली की दोन दिवसांनी आतली बुडबुड ऐकायला तिला कान लावून बसायचे आणि आल्यागेल्याला हाक मारायचे, "या, ऐका! बोलून राह्यली!"

एका वर्षी मणी रंगात आले आणि त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला जावं लागलं. वेल माझ्यावर सोपवली. पानांवर भुरी दिसली, पिठासारखी पांढरी बुरशी. अशा वेळी ताक शिंपडा, असं बजावून गेले होते. पण माझा हात दुकानदाराचा. मी गुपचूप बुरशीचं औषध फवारलं आणि वेल वाचवली म्हणून खूश झालो.

त्या वर्षी बरणी बोललीच नाही. माझ्या औषधानं भुरीसोबत सालीवरचं विरजणही मारलं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले व्याही आठ दिवस तिला कान लावून बसले. मग म्हणाले, "इवाई, तिची चूक नाई. माह्या हातातलंच गेलं." त्यानंतर त्यांनी वेलीला हात लावला नाही.

शेवटचे भेटलो तेव्हा ते खाटेवर होते. मी धीर करून म्हटलं, "इवाई, त्या वर्षी भुरी आली होती न..."

त्यांनी डोळे उघडले. "तूस आणलं का?"

वेल वाळून तीन उन्हाळे झाले होते. तरी पोतं दारात होतं. "आणलं," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.