न वाचलेली सूचना

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एका बाईंचा लॅपटॉप सुरूच होत नव्हता.

"ताई, पेन ड्राइव्ह आहे का? त्यावरून नवी सिस्टिम टाकतो," दुकानदार सतीश म्हणाला. बाईंनी किल्ल्यांच्या जुडग्यातला काढून दिला.

सतीशने तो दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर सूचना आली : या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. सतीशने सवयीने ‘ओके’ दाबलं. रोज दिसणाऱ्या सूचनेची भिंत होते. समोर असते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही.

अर्ध्या तासाने लॅपटॉप सुरू झाला. "घ्या, उठून बसला तुमचा पेशंट!"

"आता पेन ड्राइव्हमधला यांचा आवाज लावा ना," बाई म्हणाल्या. "हे गेल्यावर तेवढाच उरलाय."

सतीशचा हात माउसवरच थांबला. बाई ऐकायला पुढे वाकल्या. लॅपटॉप उत्तम चालत होता.