रेघवाल्या बाई

बेलवलीत संजीवनीबाईंचं आडनाव विचारलंत तर कोणी सांगणार नाही. ‘रेघवाल्या बाई’ म्हणा; रिक्षावाला थेट जिन्यापाशी सोडेल, आणि वर आपल्या पोराला शिकवणीत जागा मिळेल का, तेही विचारून घेईल. बाई बावीस वर्षं पहिली ते चौथीच्या पोरांना शिकवतायत. उताऱ्यावरचे प्रश्न ही त्यांची खासियत. प्रश्नातला मोठा शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि ओळ जशीच्या तशी उतरवायची. दहापैकी दहा! आया खूश, शाळा खूश, आणि बाईंची मान अशी ताठ, की शेजारणी म्हणायच्या, हिला एक दिवस मानेचा पट्टा लागणार.

ती मान खाली घालायला लावली घरच्याच माणसाने. मुलगा विनीत उल्हासनगर कॅम्प एकमध्ये झेरॉक्सच्या दुकानात कामाला; बाईंचे उतारे तोच छापून आणायचा. एकदा जेवताना म्हणाला, “आई, तुझी पोरं काय पण सोडवतील. लाव पैज.” आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रचलेला उतारा घेऊन आला.

‘गबदुल झिपळीने मुंगसाट भुमकावले. मग ती टिंगोळीत जाऊन लपली.’ झिपळीने काय भुमकावले? झिपळी कुठे लपली?

अकरा पोरं होती. अकराही जणांना पैकीच्या पैकी. तिसरीतल्या नेत्राने तर पट्टी लावून रेघा मारल्या होत्या.

“नेत्रा, झिपळी म्हणजे कोण गं?” बाईंनी विचारलं.

पोरीने उतारा वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. मग तोंड एवढंसं करून म्हणाली, “चुकलं का, बाई?”

विनीत पोट धरून हसत होता. बाई मात्र अकराही कागद पुन्हा चाळत बसल्या. हे काय लिहिलंय, असं एकाही पोराने विचारलं नव्हतं. बावीस वर्षांत तरी कोणी विचारलं होतं का, म्हणून त्या आठवत बसल्या. एकही नाव आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी पेन्सिली डब्यात बंद केल्या. आठवड्याला एकच गोष्ट. वाचायची आणि बोलायचं, बस्स. प्रश्न विचारला की सगळी कागदाकडे बघायची, जणू उत्तर तिथून उडी मारून बाहेर येणार. महिनाभर भिंतीशी बोलल्यासारखं चाललं होतं. मग एका गोष्टीत म्हातारी रोज दोन ताटं वाढायची, घरात मात्र ती एकटीच. बाईंनी विचारलं, दोन का?

नेत्रा हळूच म्हणाली, “आमची राजाबाई आजी पण चहाचे दोन कप भरते. आजोबा नाहीत आता. एक तसाच गार होतो.”

बाई उठून आत गेल्या आणि उगाच नळ सोडून उभ्या राहिल्या. शेजारणींनी लगेच अंदाज बांधला की सुनेशी वाजलं असणार. सून अजून घरात यायचीच होती, पण बेलवलीत एवढ्यावर कोण अडतंय!

सहामाही आली. उताऱ्यातला हिरामण शाळा सुटल्यावर तळ्यावर बसून राहतो आणि अंधार पडल्यावर घरी जातो. दप्तरात प्रगतिपुस्तक असतं. प्रश्न होता, हिरामण घरी उशिरा का गेला? नेत्राने लिहिलं, ‘त्याला घरी जायची भीती वाटत होती.’ त्यावर लाल फुली. सगळ्या उताऱ्याला दहापैकी दोन.

बाईंच्या अंगात आलं. उत्तरपत्रिका घेऊन त्या तडक शाळेत. नेत्राचे वर्गशिक्षक भूपेश सर म्हणजे बाईंचाच जुना विद्यार्थी. उभा राहिला, पाया पडला.

“भूपेश, अरे, पोरीला गोष्ट कळली! आणि तू फुली मारतोस?”

“बाई, उत्तरसूचीत ‘तो तळ्यावर बसून राहिला’ असं आहे. भीती हा शब्द उताऱ्यात कुठे आहे? दाखवा तुम्ही.”

“तो लिहिलेला नाही. तो कळतो.”

“असं कोणी कायपण लिहील ना मग.” भूपेश हसला, अगदी मनापासून, आदराने. “तुम्हीच शिकवलंत की, बाई. ओळ शोध, रेघ मार. त्याच्यावरच तर मी मास्तर झालो. आता माझी चाळीस पोरं तसंच करतात.”

भूपेशने मागवलेला चहा बाईंनी घेतला नाही.

सगळ्यांचेच मार्क घसरले, तशी पोरं गळायला लागली. अकराची चार झाली. बाकीची गुरुदत्त सरांच्या क्लासला गेली. तिथेही रेघाच, वर छडी. मग एका संध्याकाळी नेत्राची आई सोनिया आली. अंबरनाथ पूर्वेला कामाला जाते, तशीच पर्स खांद्याला लावून दारात उभी.

“बाई, पहिला नंबर होता हिचा, आता एकोणीस. घरी पण डोकं खाते, हे असंच का, ते तसंच का. मला टाइम आहे का? पहिल्यासारखं शिकवा, नाहीतर मी सोमवारपासून गुरुदत्त सरांकडे टाकते हिला. राग मानू नका.”

नेत्रा आईच्या मागून बाईंकडे बघत होती. नाही म्हणावं तर पोरगी जाणार. हो म्हणावं तर… बाईंनी फार वेळ घेतला नाही. फार वेळ घेतला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटतं.

“सोमवारी पेन्सिल घेऊन पाठव,” त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी नेत्राने दोनदा ‘पण बाई’ केलं. बाई म्हणाल्या, “नंतर.” दुसऱ्या आठवड्यात ‘पण’ बंद झालं. पुढच्या चाचणीत दहापैकी दहा, आणि सोनियाने पेढे आणले.

त्या दिवशीचा उतारा जनी नावाच्या मुलीचा होता. जनी आपल्या नव्या चपला धाकट्या बहिणीला देते आणि स्वतः अनवाणी शाळेत जाते. नेत्राने चार मिनिटांत पाचही उत्तरं लिहून कागद पुढे केला. सगळी बरोबर.

आजूबाजूला कोणी नाही असं बघून बाईंनी हळूच विचारलं, “नेत्रा, जनीने चपला का गं दिल्या असतील?”

“ते विचारलं नाहीये, बाई,” नेत्रा म्हणाली, आणि पुढच्या कागदासाठी तिने हात पुढे केला.