एकाच मुळाचा दाखला

“एकच वाक्य लिवून दे,” काशिनाथशेठ म्हणाले. “बाकीचा रिपोर्ट तुज्या मनासारखा ठेव.”

रबाळ्यात त्यांचा केसांच्या तेलाचा कारखाना. माझं बेलापूरला भाषांतराचं ऑफिस. त्यांची सगळी लेबलं आमच्याकडेच यायची. माझे वडील साताऱ्याहून येऊन मार्केटात पोती उचलायचे. ऑफिस मी एका जुन्या टाइपरायटरवर उभं केलं. शेठचं काम गेलं तर अर्धं ऑफिस बंद, हे मला ठाऊक होतं आणि शेठनाही.

तेलाचं नाव ‘ताल’. माल जर्मनी, डेन्मार्क आणि इस्रायलला जाणार होता. नावाचा तिथल्या भाषेत भलता अर्थ निघत नाही ना, ते आधी तपासतात. आम्ही याला नेम चेक म्हणतो. तो छपाईपूर्वी करायचा असतो. शेठनी मुहूर्त गाठून बॉक्स छापले, त्यांना हळदकुंकू लावलं, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाने रिपोर्ट मागितल्यावर माझ्याकडे आले. बॉक्सवर त्यांच्या पुतण्याने नेटवरून उचललेली ओळ होती: तिन्ही भाषांत एकाच प्राचीन मुळातून आलेला शब्द.

नेरूळच्या रेगे मॅडम आमचं जर्मन बघतात. पूर्वी कॉलेजात शिकवायच्या. हिब्रू त्यांनी जाणकाराकडून तपासून घेतलं. नावात वाईट काहीच नव्हतं. जर्मनमध्ये ताल म्हणजे दरी. इंग्रजी ‘डेल’ त्याचाच भाऊ, आणि डॉलरही त्याच घरातला. डॅनिशमध्ये संख्या, त्याचं नातं इंग्रजी ‘टेल’शी, म्हणजे सांगण्याशी. हिब्रूत दव. ऐकायला सारखे, पण तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं मॅडमनी स्वच्छ लिहिलं. तो रिपोर्ट घेऊन मी शेठच्या कारखान्यात गेलो.

“मग डॉलर लिव की! डॉलर चांगला हाय.”

“शेठ, डॉलर खरा आहे. ‘एकाच मुळातून’ खोटं आहे. त्या ओळीवर स्टिकर मारा.”

“पूजेच्या बॉक्सवर चिकटपट्टी? घरातल्या बाया मना जेवायला देतील?”

“बरं, ओळ पुढच्या लॉटला काढा. मी रिपोर्टात ‘पुरावा मिळाला नाही’ एवढंच लिहितो.”

“मिलाला लिव. तो गोरा काय खनून बघनार हाय?”

माझं डोकं सटकलं. “खाली मॅडमची सही आहे! तुमच्या तेलापायी त्यांनी या वयात खोटं लिहायचं?”

“आवाज खाली. माज्या कारखान्यात बसलायस.”

मी रिपोर्ट टेबलावर आपटून निघालो.

दुसऱ्या एका ऑफिसने हवा तसा रिपोर्ट दिला. मागोमाग सगळी लेबलंही तिकडे गेली. माल पोचला. त्या ओळीबद्दल तिकडून कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडच्या दोघींना मला कामावरून कमी करावं लागलं. मॅडमना अजून वाटतं, त्यांचा रिपोर्ट जर्मनीला गेला.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. छापून झाल्यावर जो मत विचारायला येतो, त्याला मत नको असतं, सही हवी असते. द्यायची नसेल तर पहिल्या चहाआधीच सांगा, आणि आवाज चढवू नका. मला दुसरं अजून जमलेलं नाही.