छपरावरची निळी ढाल

“शिळ्या पावाच्या दुकानावर मी ‘ताजा पाव’ लिहिलंय, पण छपरावर खोटं लिहिणार नाही,” असं ती एकदा म्हणाली होती.

पाट्या रंगवणारा नवरा गेल्यावर त्याचे ब्रश तिनं उचलले. गाव तिला पाटीवाली म्हणे. लढाई जवळ आली तेव्हा संग्रहालयाच्या आणि ग्रंथालयाच्या छपरावर निळ्या-पांढऱ्या ढालीची खूण तिनंच काढली, गुडघे सोलवटेपर्यंत. विमानातून दिसेल एवढी मोठी. अर्थ एकच: इथे पूर्वजांच्या वस्तू आहेत, हत्यारं नाहीत, बॉम्ब टाकू नका.

हिवाळ्यात संग्रहालयाच्या प्रमुखाचा, म्हणजे तिच्या सख्ख्या दिराचा, निरोप आला. रंग उडालाय, पुन्हा एक हात मारून द्या.

ती डबे घेऊन गेली. मडक्यांच्या दालनात मडकी कोपऱ्यात ढकललेली, एकमेकांना चिकटून उभी. मधोमध छातीइतक्या उंच तोफगोळ्यांच्या पेट्या. आपल्याच सैन्याच्या. एका पेटीवर कॅप्टन चहा पीत बसलेला.

“भाऊजी, हे काय?”

“थोडे दिवस, वहिनी. वर खूण आहे ना, इथे कोणी बॉम्ब टाकत नाही.”

“म्हणून?”

दीर चष्मा पुसू लागला. घरात भांडण पेटलं की तो जन्मभर चष्माच पुसत आला होता.

“बाई,” कॅप्टन म्हणाला, “तिकडे आपली पोरं मरतायत, आणि तुम्हाला मडक्यांची पडलीय?”

“गोळे पोरांसाठी ना? मग पोरांजवळ ठेवा. मडक्यांच्या पदराखाली काय लपता?”

“तुम्ही वर जा. रंग लावा.”

“आधी पेट्या हलवा. शत्रूला कळलं तर ग्रंथालयाच्या खुणेवर तरी कोण विश्वास ठेवील? चोर एका घरात, झडती अख्ख्या गल्लीची.”

“कळणार नाही हो,” दीर पुटपुटला.

“भिंतींनाही कान असतात, भाऊजी. तुम्हालाच नाहीत.”

कॅप्टन हसला. “हलवू की. लढाई जिंकल्यावर.”

जिन्याखाली गळतीसाठी आणलेलं डांबर होतं. ती ते घेऊन वर गेली. स्वतःच्या हातानं काढलेली ढाल तिनं खराट्यानं काळी केली. असल्या संतापाला शिवी पुरत नाही.

खाली आली तेव्हा तिचे काळे हात पाहून कॅप्टन धावत वर गेला. दीर रडकुंडीला आला. “वहिनी, आता मडक्यांचं काय होणार?”

“ह्या पेट्यांचं होईल तेच. पेट्या काढा, मी आत्ता निळा लावते.”

कॅप्टन लालबुंद होऊन उतरला. “हलवा रे पेट्या! सगळ्या!” शिपाई धावले. मग तो तिच्याकडे वळला आणि सावकाश म्हणाला, “ग्रंथालयात नेतो. तिथे आहे ना अजून तुमची ढाल?”

दीर पुन्हा चष्मा पुसू लागला.

तिनं डांबराचा डबा उचलला, बगलेत खराटा मारला, आणि ती ग्रंथालयाच्या वाटेला लागली.