रंगाखालचा जोड

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला चौसाळ्याचा बाजार आठवतो. सुतारकाम शिकू लागलो होतो आणि पहिली पटाशी घ्यायला चुलत्यांसोबत गेलो होतो. पूर्वी काम करताना पटाशी मोडून तुकडा उडाला होता, त्यात त्यांचा एक डोळा गेलेला. दुकानदाराने मानेवर लाल रंग दिलेली चकचकीत पटाशी पुढे केली. "लोखंडाला रंग कावून?" चुलत्यांनी विचारलं. "नवी कोरी हाय, मालक." त्यांनी नखाने रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगचा जोड निघाला. तरीही त्यांनी तीच विकत घेतली. या दोघांचं काहीतरी साटंलोटं असणार, असं मला वाटलं. परतताना त्यांनी ती पुलावरून नदीत भिरकावली. "तिथं ठिवली असती, तर दुसऱ्या कुणी नेली असती." आता हत्यार घेताना मीही आधी रंग खरवडतो, आणि त्यावर चिडणाऱ्या दुकानदाराकडून काहीच घेत नाही.