साहेबांनी हलवलेला कोड

कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनो, घरी जायच्या आधी हे बोर्डावर लावून जातेय. तुम्हाला नाही सांगणार तर कोणाला?

आपल्या मशीनचा प्रोसेसर एका वेळी चौसष्ट केबीच मेमरी बघू शकतो, माहीत आहे ना. जास्तीची वापरायची तर मेमरीचा एक तुकडा बाजूला करून त्याच जागी दुसरा आणायचा. ही अदलाबदल करणारा कोड मी लिहिला, सुट्ट्या घालवून. तो त्या जागेच्या बाहेरच ठेवावा लागतो, नाहीतर तुकड्याबरोबर तोही गायब.

आज सकाळी मरोळच्या ऑफिसात पोचले तर साहेब एकदम खूश. "तुझा कोड जरा हलवला गं, आता नीटनेटका दिसतो. आणि वर माझं नाव टाकलंय, क्लायंटसमोर बरं दिसतं."

बघितलं तर कोड नेमका त्या अदलाबदलीच्या जागेतच आणून ठेवलेला. मी म्हटलं, "छान दिसतंय, सर."

दुपारी क्लायंट आले. साहेबांनी मालाची पहिली यादी दाखवली, झकास. दुसरी होती दुसऱ्या तुकड्यात; ती मागवली आणि मशीन हँग. स्क्रीनवर सगळ्यात वर साहेबांचं नाव तेवढं राहिलं, ठळक अक्षरात.

"अगं, काय झालं हे?"

"मला काय माहीत, सर? प्रोग्राम तुमचा आहे ना."

रीसेटचं बटण माझ्या हाताशी होतं. मी आधी चहा संपवला.

आता तुम्हीच सांगा, मी सकाळीच बोलायला हवं होतं का? बोललेही असते, वर नाव माझं असतं तर.